साईटवर जुनाच नकाशा: लहान आर्किटेक्ट ऑफिसवाले हे कसं सांभाळता?

कोनमापक | शनिवार, रात्री १०:१२

नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येते. आमचं ऑफिस चार माणसांचं. मी, भागीदार, दोन ज्युनिअर, आणि मनात आलं तरच चालणारा एक प्लॉटर. हातात सध्या सहा कामं आहेत: दोन घरं, एका दवाखान्याचं आतलं काम, शाळेवरचा वाढीव मजला. उरलेली दोन खरंच कामं आहेत की नुसत्या गप्पा, हे त्या क्लायंटनाही अजून माहीत नाही.

काल एका घराच्या साईटवर कठड्याची मापं घ्यायला गेले होते. जिना ओतून झाला होता, सेंटरिंगही काढलेलं. कच्च्या जिन्यातली चूक चढताना पायाला कळत नाही, कारण पायऱ्यांवर दगड बसायचा असतो आणि खाली-वर फरशी यायची असते. खालची पहिली पायरी उंच आणि वरची वेगळीच वाटते, आणि ते बरोबरच असतं. म्हणून टेप लावला. शेवटच्या पायरीपासून वरच्या स्लॅबपर्यंत १६९ मिमी यायला हवे होते. आले १२२.

आधी वाटलं, टेपच चुकीचा धरला. पुन्हा धरला. १२२.

झालं असं. आर-३ (आर म्हणजे रिव्हिजन, तिसरी सुधारणा) नकाशात खाली-वर दोन्ही मजल्यांवर कोबा धरून ७५ मिमीची फरशी होती. स्लॅब ते स्लॅब ३००० मिमी, १८ राईझर (पायऱ्यांच्या उभ्या उंच्या), प्रत्येकी १६६.७. नंतर क्लायंटने वरच्या मजल्यावर लाकडी फ्लोअरिंग ठरवलं, स्लॅबवर थेट चिकटवायचं, एकूण जाडी २५. म्हणजे वरची तयार लेव्हल ५० मिमीने खाली आली. चढायची उंची २९५० झाली आणि राईझर १६३.९. हे सगळं आम्ही आर-५ मध्ये व्यवस्थित बदललं, व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकली, खाली अंगठेही आले. साईटवरच्या फाईलमध्ये मात्र आर-३ होता आणि जिना त्यावरून ओतला गेला. आता लाकूड बसलं की १७ पायऱ्या १६७ च्या आणि शेवटची ११७ ची.

मुकादम म्हणाला, "मॅडम, कागद तर हाच होता." त्याच्यावर ओरडायला तोंडच नव्हतं.

दोन प्रश्न आहेत. जिन्याचं काय करावं? आणि लहान ऑफिसात, जिथे नकाशे सांभाळायला वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही, तिथे नवा नकाशा ओतणाऱ्याच्या हातात पोचला की नाही हे तुम्ही कसं बघता?

शून्य_अंश | शनिवार, रात्री १०:३१

बीआयएम वापरा साहेब, म्हणजे पूर्ण इमारतीचं एकच थ्रीडी मॉडेल. मॉडेलमध्ये फ्लोअरिंगची जाडी बदलली की जिना आपोआप बदलतो. हा प्रश्नच येत नाही.

अर्धी_वीट | शनिवार, रात्री १०:४४

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. त्यांच्या फाईलमधला जिना बदललाच होता की! काँक्रीटचा बदलला नाही.

आणि त्या "मॅडम" आहेत, मुकादमाने सांगितलंय तेवढं तरी वाचा.

आरसीसी_वाला | शनिवार, रात्री ११:०५

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जिन्याला लगेच हात लावू नका, एवढं आधी सांगतो. पायऱ्या फोडून उंची कमी करायचा मोह होईल. शेवटच्या पायरीला ४७ मिमी काढावे लागतील, त्याखालच्या प्रत्येक पायरीला साधारण पावणेतीन मिमी कमी कमी. पायरीचा त्रिकोण वरवर बिनकामाचा दिसला तरी छिन्नी-हातोड्याचे दणके खालच्या वेस्ट स्लॅबला (पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबला) बसतात, आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कुठे किती राहिलंय हे कुणालाच माहीत नसतं.

वरच्या मजल्यावर पुन्हा ५० मिमी कोबा करायचा म्हणत असाल तर दर चौरस मीटरला १०० ते १२० किलो जादा वजन येतं. आर-३ च्या वेळी ७५ मिमीच्या फरशीचं वजन धरून स्लॅब डिझाईन केला असेल तर चालेल. पण आर-५ नंतर तुमच्या इंजिनिअरने ते वजन कमी करून सळई वाचवली असेल तर नाही. फोन करून विचारा. अंदाजाने काही करू नका.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवरचे टांगते पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ रचनेत चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्या बरोबर खालचा दुसऱ्या मजल्याचा पूल असे दोन्ही छतापासून आलेल्या एकाच अखंड सळईला धरलेले होते. एवढ्या लांब सळईला आटे पाडणं अडचणीचं, म्हणून बनवताना एकीच्या दोन सळया झाल्या. वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. दोन माणसं एकाच दोराला लोंबकळत होती, त्यातल्या खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरावेत, तसं. दोराला फरक पडत नाही, वरच्याच्या हातांवर मात्र दुप्पट ओझं. वरच्या पुलाच्या बीमखालच्या नटवर तसंच दुप्पट वजन आलं. तो बदल असलेल्या शॉप ड्रॉइंगवर (भाग बनवणाऱ्याच्या नकाशावर) मंजुरीचा शिक्का होता.

तुमच्या ४७ मिमीची त्याच्याशी बरोबरी करत नाही. पण "पाहिलं" म्हणणं आणि खरंच पाहणं यातला फरक मला तिथे कळला. व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे तोच शिक्का.

पेन्सिलवाला | रविवार, सकाळी ६:५०

"अंगठा म्हणजे शिक्का" याला +१. वाचतोय.

टीस्क्वेअर | रविवार, सकाळी ८:२०

निवृत्त आहे, त्यामुळे जुन्या आठवणी काढायचा परवाना आहे असं समजतो.

आमच्या वेळी ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेला मूळ नकाशा एकच असे. त्याच्या अमोनिया प्रिंट निघत. बदल करायचा म्हणजे दाढीच्या ब्लेडने शाई खरवडायची, कागद गुळगुळीत करायचा आणि पुन्हा रेघ ओढायची. एकाच जागी तीनदा खरवडलं की कागदाला भोक पडे. त्यामुळे क्लायंटने "जरा भिंत सरकवा" म्हटलं की हात कामाला लागण्याआधी डोकं लागे. भिंत सरकल्यावर आणखी काय काय सरकेल, याची यादी मनात आधी तयार होई. आता भिंत माउसने सरकते आणि यादी कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट अशी की नवी प्रिंट साईटवर देताना आम्ही जुनी परत घेत असू. हाताने, मोजून. चार प्रती दिल्या असतील तर चार परत आल्याशिवाय नव्या चार द्यायच्या नाहीत. एखादी हरवली म्हणाले तर तसं वहीत लिहायचं. शिस्त फार मोठी होती असं नाही. प्रिंट महाग आणि वेळखाऊ, म्हणून ते आपोआप घडायचं. पीडीएफचा दोष असा की ती कधी जुनी दिसत नाही. फोनमधला आर-३ आणि आर-५ सारखेच ताजे.

कोनमापक | रविवार, सकाळी ९:१५

टीस्क्वेअर सर, "जुनी परत घ्यायची" हे इतकं साधं आहे की लाज वाटली. आम्ही नवं पाठवण्याची सगळी पद्धत बसवली आहे. जुनं मारण्याची एकही नाही.

आरसीसी_वाला, इंजिनिअरना फोन केला. वजन कमी केलेलं नाही, आर-३ चंच धरलेलं आहे. म्हणाले, "कोबा करता येईल, पण फुकटचं ओझं कशाला?"

रेघोट्या | रविवार, दुपारी १२:४०

मी एका तीन माणसांच्या ऑफिसात ज्युनिअर आहे. कॉलेजात वाटलं होतं, दिवसभर डिझाईन करू. एका आठवड्यात मी गंमत म्हणून वेळ लिहून ठेवला. पंचेचाळीस तासांपैकी नवं काही रेखाटण्यात सहा गेले. जुन्या रेघा दुरुस्त करण्यात चौदा. बाकीचा वेळ दाराच्या बिजागऱ्यांसाठी फोन, टाईल्सचे नमुने इकडून तिकडे नेणं, बीओक्यूमध्ये (कामाच्या मोजमापांच्या यादीत) खिडक्या पुन्हा मोजणं, साईटवर जाणं-येणं, आणि "तो परवाचा नकाशा पुन्हा पाठवा ना". हा शेवटचा फोन आला की मी आता आधी विचारते, "परवाचा म्हणजे कुठला?" तिथेच निम्मे घोळ सापडतात.

आमच्याकडे झालेला घोळ कागदाच्या मापाचा होता. नकाशा ए१ वर १:५० ने काढलेला. प्लॉटर बंद, म्हणून साईटसाठी ए३ वर छापला. ए१ वरून ए३ म्हणजे लांबी बरोबर अर्धी, म्हणजे तो कागद १:१०० झाला. पण कोपऱ्यात १:५० तसंच छापलेलं. सुताराने एक माप लिहिलेलं नाही म्हणून पट्टी लावून मोजलं आणि कपाट अर्ध्या रुंदीचं करून आणलं. सुंदर केलं होतं हो. तेव्हापासून प्रत्येक कागदावर एक छोटी पट्टी काढतो, "ही १ मीटर आहे". कागद कितीही लहान-मोठा छापला तरी तीही सोबत लहान-मोठी होते. आणि मोठ्या अक्षरात: मोजून घेऊ नये, लिहिलेलं माप घ्यावं.

घर_एकदाचं_झालं | रविवार, दुपारी २:०५

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे क्लायंट. आमचा आर्किटेक्ट दोनच माणसांच्या ऑफिसातला होता. इथे सगळे "क्लायंटने बदललं" म्हणताय म्हणून लिहितो.

आम्हाला नकाशा वाचता येत नाही आणि ते कबूल करायला संकोच वाटतो. समोर कागद पसरला की आम्ही मान डोलावतो. माझ्या घराची आखणी झाली, चुन्याच्या रेघा पडल्या, तेव्हा मी घाबरलो. हॉल एवढासा? ताबडतोब फोन केला, मोठा करा. आमचा आर्किटेक्ट म्हणाला, "मोकळ्या जमिनीवर प्रत्येक खोली लहान दिसते. भिंती चढू द्या." भिंती चढल्या, स्लॅब पडला, टेकू लागले, आणि खोली आणखीच लहान दिसायला लागली. प्लास्टर आणि रंग झाल्यावर मात्र तीच खोली मोठी झाली. त्याने माझं ऐकलं असतं तर किती नकाशे बदलले असते?

आणि रेंडर, म्हणजे संगणकावर काढलेलं घराचं चित्र. चित्रात खिडकीबाहेर एक मोठं झाड होतं. मी ती खिडकी त्या झाडामुळे मंजूर केली. प्रत्यक्षात तिथे शेजाऱ्यांची भिंत आहे. मला ते ठाऊक होतं, प्लॉट माझाच! तरी चित्र पाहताना विसरलो. उलट त्याने तासाभरात जाड पुठ्ठ्याचं जे मॉडेल केलं होतं, छप्पर उचलून आत बघता येईल असं, त्यावर आम्ही घरातल्या सगळ्यांनी भांडून जे ठरवलं ते एकदाही बदललं नाही.

अर्धी_वीट | रविवार, दुपारी ३:३०

घर_एकदाचं, तुमच्यासारखे क्लायंट सगळ्यांना मिळोत.

आमचं ऑफिस दोघांचं. करारात तीन वेळा बदल फुकट, पुढचे तासाप्रमाणे, असं लिहिलेलं असतं. चौथा बदल आला की आम्हीच गप्प बसतो, कारण शेवटचा हप्ता अडकलेला असतो. त्यातून एक वाईट सवय लागते. फुकटचा बदल माणूस घाईत करतो. प्लॅनमध्ये करतो, सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) राहतो. दाराच्या तक्त्यात तर राहतोच राहतो. आमच्या बहुतेक चुका पैसे न मिळालेल्या बदलांमधल्या आहेत, हे मी छातीठोकपणे सांगेन.

आम्ही केलेली एक गोष्ट उपयोगी पडली: साईटवर कार्बनची वही. भेट झाली की तिथल्या तिथे लिहायचं, ठेकेदाराची सही, एक पान फाडून आपल्याकडे. "आजपासून जिन्याचा नकाशा आर-५. आर-३ फाडला." शेवटचा शब्द महत्त्वाचा. फाडायचा म्हणजे समोर फाडायचा.

शून्य_अंश | रविवार, संध्याकाळी ५:१०

बरं, मॅडम. चूक कबूल. पण अशा लहान ऑफिसांचं भविष्यच काय? शेवटी दर्जेदार काम करायला मोठी टीम लागतेच.

टीस्क्वेअर | रविवार, संध्याकाळी ६:००

ऑस्ट्रेलियाचे ग्लेन मर्कट एकटेच काम करतात, हाताखाली कुणी नाही. त्यांना २००२ साली वास्तुकलेतलं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं. २०१७ चं पारितोषिक स्पेनमधल्या ओलोट या छोट्या गावातून काम करणाऱ्या तिघांना मिळून मिळालं. टीम मोजून दर्जा ठरत नाही.

अर्धी_वीट | रविवार, संध्याकाळी ६:१८

सर, मान्य, पण मर्कटांकडे लोक घरासाठी वर्षानुवर्षं थांबतात. माझ्याकडे सोमवारपर्यंत थांबत नाहीत. आपलं घोडं तिथेच अडतं.

ओळंबा | रविवार, रात्री ९:४५

मी ठेकेदार. सुरुवात गवंड्याच्या हाताखाली केली. धागा पूर्ण वाचला. सगळे कागद पोचला की नाही यावर बोलताय. थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका.

तुमच्या जिन्याच्या नकाशात सगळी मापं तयार फरशीची असतात. ज्या दिवशी मी जिना ओततो त्या दिवशी तयार फरशी जगात कुठेच नसते. मला दिसतो फक्त स्लॅब. मग मी काय करतो? फरशीची जाडी शोधतो. ती जिन्याच्या कागदावर नसते, फ्लोअरिंगच्या कागदावर असते, आणि तो कागद अजून आलेला नसतो. मग मुकादम मागच्या साईटवर जे होतं ते धरतो. दहातल्या आठ वेळा बरोबर येतं. म्हणून सवय मोडत नाही.

मॅडम, तुमचा आर-५ जरी माझ्या हातात असता, आणि त्यावर फक्त "१८ राईझर, १६३.९" एवढंच असतं, तरी मी वर ७५ धरून अडकलोच असतो. हिशेब जुळत नाही म्हणून कदाचित फोन केला असता. कदाचित पहिल्या पायरीत जिरवला असता.

आमच्या साईटवर मी प्रत्येक खोलीत तयार फरशीपासून १ मीटर उंचीवर भिंतीला रेघ मारून घेतो. लेव्हल ट्यूबने, सगळीकडे फिरवून. खिडकीची सिल (खालची कड), लिंटेल (वरची तुळई), स्विचबोर्ड, जिना, सगळं त्या रेघेवरून. तयार फरशी नसली तरी तिची खूण असते. पण ती रेघ मारायला मला एकच आकडा लागतो: स्लॅबवर किती जाडी येणार. तो द्या. बाकीचं आम्ही बघतो.

कोनमापक | रविवार, रात्री १०:३०

ओळंबादादा, आत्ता आर-५ उघडून बघितला. जिन्याच्या सेक्शनमध्ये वर "तयार फरशी" असं लिहून एक बाण आहे. जाडी नाही. कच्च्या स्लॅबची लेव्हलही नाही. म्हणजे २५ चा आकडा सगळ्यांना माहीत होता, फक्त जिन्याच्या कागदाला नव्हता.

मी धागा "नकाशा पोचला नाही" म्हणून काढला होता. पोचला असता तरी तो अपुरा होता.

रेघोट्या | रविवार, रात्री ११:०२

अवांतर: जिन्याचं ते सूत्र कुणाला आठवतंय का? दोन उंच्या अधिक एक रुंदी. आमच्या सरांनी पाठ करून घेतलं होतं, कुठून आलं ते सांगितलं नव्हतं.

टीस्क्वेअर | सोमवार, सकाळी ७:४०

फ्रेंच वास्तुविद फ्रान्स्वा ब्लाँडेल यांनी सतराव्या शतकात मांडलेलं. सपाटीवर माणसाचं एक पाऊल साधारण २ फूट पडतं आणि वर चढायला दुप्पट कष्ट पडतात, म्हणून दोन उंच्या आणि एक रुंदी मिळून ते एक पाऊल व्हावं. हल्ली ६०० ते ६४० मिमीच्या दरम्यान धरतात. कोनमापक यांच्या जिन्यात १६६.७ दुणे ३३३.३, त्यात रुंदी २८० धरली तर ६१३. छान चालणारा जिना आहे. फक्त शेवटी दगा देणार.

आणि दगा म्हणजे खराखुरा. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पायाला उंची पाठ होते आणि नजर जिन्यावरून उठते. म्हणून अमेरिकन इमारत संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या राईझरमध्ये ९.५ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. तुमचा ५० आहे. उतरताना पहिलंच पाऊल चुकेल आणि त्या पावलाखाली सतरा पायऱ्या असतील.

आरसीसी_वाला | सोमवार, सकाळी ९:१०

कोनमापक, रात्री विचार केला. लाकडी फ्लोअरिंग स्लॅबवर चिकटवायचंच असा हट्ट आहे का? स्लॅबवर ५० मिमीच्या लाकडी पट्ट्या टाकून वर फ्लोअरिंग ठोकलं तर जाडी ५० अधिक २५, बरोबर ७५. पट्ट्या ४०० मिमीवर धरल्या तर त्यांचं वजन चौरस मीटरला तीन-चार किलो. कोब्याच्या शंभरापुढे ते काहीच नाही. तयार लेव्हल ५० वर जाते, राईझर पुन्हा १६६.७, आणि जिन्याला हातही लावायचा नाही.

अर्धी_वीट | सोमवार, सकाळी ९:२५

चालताना पोकळ वाजेल. क्लायंटने चिकटवायचं बहुधा त्यासाठीच ठरवलं असणार.

आरसीसी_वाला | सोमवार, सकाळी ९:३३

पट्ट्यांखाली फेल्टची पट्टी आणि मधल्या पोकळीत मिनरल वूल (आवाज शोषणारा खनिज धाग्यांचा थर). पूर्ण जाणार नाही, पण ढोलही वाजणार नाही.

रेघोट्या | सोमवार, सकाळी १०:५०

थांबा थांबा. वरची लेव्हल ५० ने चढवली तर खिडकीची सिल फरशीपासून ९०० ची ८५० होईल ना? लहान मुलं असतील तर ते चालणार नाही. दारांची उंचीही ५० ने कमी. बाथरूमचा उंबरा वाढेल. बाल्कनीचा कठडा?

कोनमापक | सोमवार, सकाळी ११:१५

रेघोट्या, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच साईटवर निघते.

ओळंबा | सोमवार, दुपारी १:००

सिल कुठल्या कागदावरून बसवल्यात, ते बघा.

कोनमापक | मंगळवार, रात्री ९:२०

काल आणि आज वरचा पूर्ण मजला मोजला. ओळंबादादांनी एका ओळीत नेमकं सांगितलं होतं.

सिल आर-३ वरून. लिंटेल आर-३ वरून. बाथरूमचा खड्डा आर-३ वरून. कच्च्या स्लॅबपासून सिलपर्यंत ९७५ आहे, म्हणजे ७५ ची फरशी आली की बरोबर ९००. आमच्या आर-५ प्रमाणे २५ चं लाकूड चिकटवलं असतं तर सिल ९५० ला गेली असती आणि बाथरूममध्ये पाऊल ठेवायला वर चढावं लागलं असतं. हे आर-५ काढताना आमच्यापैकी कुणीही तपासलं नव्हतं. जिना बदलला, खिडक्यांचा कागद उघडलाच नाही. टीस्क्वेअर सरांची ती यादी.

थोडक्यात, साईटवर पूर्ण मजला एका नकाशाशी प्रामाणिक आहे. तो नकाशा आम्ही रद्द केलेला होता, एवढंच.

पट्ट्यांचा उपाय क्लायंटपुढे ठेवला. चूक आमच्या बाजूची आहे हे आधी सांगितलं, म्हणून पट्ट्या आणि वूलचा फरक आम्ही आमच्या फीमधून वळता करणार. तो आवाजावरून कुरकुरला. मग सुताराने स्लॅबवर दोन मीटर बाय दोन मीटरचा नमुना ठोकून दिला, अर्ध्या भागात वूल घालून, अर्धा रिकामा. क्लायंट त्यावर बूट घालून नाचला. अक्षरशः. वूलवाला भाग पसंत पडला. वायरिंगचे दोन पाईप त्या पोकळीतून नेता येतील हे इलेक्ट्रिशियनच्या लक्षात आलं, त्यामुळे भिंतीतल्या दोन झिऱ्या वाचल्या.

शून्य_अंश | मंगळवार, रात्री ९:४१

मॉडेल असतं तर सिल आणि जिना एकत्र बदलले असते, एवढं तरी म्हणू द्या.

कोनमापक | मंगळवार, रात्री ९:५०

म्हणा. त्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. पुढच्या घराला करून बघणार आहोत, ज्युनिअर शिकतोय. प्रिंट मात्र तरीही हाताने परत आणणार.

घर_एकदाचं_झालं | मंगळवार, रात्री १०:०५

नमुन्यावर नाचलेल्या क्लायंटला माझा दंडवत सांगा.

कोनमापक | पुढच्या रविवारी, संध्याकाळी ७:३०

वर आणते आहे, कारण दोघांनी व्यक्तिगत निरोपात पुढे काय झालं विचारलं.

आर-६ काढला. जिन्याच्या सेक्शनमध्ये आता दोन्ही लेव्हल आहेत, कच्ची आणि तयार, आणि मधली जाडी चौकटीत. साईटवर जाऊन जुने कागद गोळा केले. आर-३ च्या दोन प्रती मिळाल्या, आर-४ ची एक सिमेंटच्या पोत्याखाली, आणि आर-१ ची एक, जी कुणाकडे होती हे कुणीच सांगेना. सगळ्या समोर फाडल्या. मुकादमाने आर-३ फाडताना जरा हात आखडता घेतला. म्हणाला, "मॅडम, हाच तर बरोबर निघाला."

आर-६ वर "काय बदललं" अशी चौकट असते. आमच्या ज्युनिअरने तिथे लिहिलं, "आर-३ प्रमाणे." मी ते तसंच राहू दिलं.

काल क्लायंटचा फोन. वरच्या बाथरूमची टाईल बदलायची म्हणतो, दुसरा रंग दिसला कुठेतरी. मी हो-नाही म्हणायच्या आत फोन स्पीकरवर आहे हे विसरून ज्युनिअर पलीकडच्या टेबलावरून ओरडला, "जाडी किती?"